एसीचा आकडा आणि खुर्चीवरची शाल

मे महिन्यात कुठल्याही मोठ्या ऑफिसात जाऊन बघा. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असतं आणि आत चार-पाच खुर्च्यांच्या पाठीवर शाली नाहीतर स्वेटर लटकत असतात. बहुतेक खुर्च्या बायकांच्या. दिवे, पंप, लिफ्ट, एसी अशा देखभालीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे असली ऑफिसं मी पुष्कळ पाहिली. 'आमचं ऑफिस पर्यावरणपूरक आहे' असं म्हणत लोक कुंड्या दाखवतात, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा दाखवतात. चांगलंच आहे. मी मात्र आधी एसीचा रिमोट बघतो. त्यावर १८ दिसलं, की कुंड्यांचं कौतुक जरा कमी होतं.

दीड टनाचा एसी म्हणतात, त्यातला टन कसला, हे फार थोड्यांना माहीत असतं. एसीचं वजन नव्हे ते! पूर्वी थंडावा बर्फानं मोजत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी ओढण्याची ताकद म्हणजे एक टन. असा दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीनं चालला, तर तासाला साधारण दीड युनिट वीज घेतो. आतला आणि बाहेरचा फरक जितका जास्त, तितकी उष्णता भिंती-काचांतून वेगानं आत शिरते आणि तितकं यंत्राला राबावं लागतं. तापमान एक अंशानं वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा अंदाज आहे. ब्युरोनं २०१८ मध्ये २४ अंशांचा सल्ला दिला, आणि १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-एसी सुरू करताच २४ वर लागतील, अशी सक्ती झाली. अर्थात रिमोट आपल्याच हातात असतो, त्यामुळे ते २४ पाच मिनिटांत १८ होतात. 'लवकर गार व्हावं म्हणून' हे त्याचं कारण. पण इन्व्हर्टर नसलेला साधा एसी १८ वर ठेवला काय नि २४ वर ठेवला काय, सारख्याच वेगानं गार करतो. १८ वर तो फक्त उशिरा थांबतो, एवढंच.

मग ऑफिस इतकं गार हवं, हे ठरवलं कोणी? डेन्मार्कच्या फँगर या शास्त्रज्ञानं १९७० च्या सुमारास, माणसाला बंद खोलीत कधी बरं वाटतं, याचं गणित मांडलं. हवेचं तापमान, आर्द्रता, वारा, अंगावरचे कपडे आणि शरीरात तयार होणारी उष्णता, असा तो हिशेब. जगभरच्या इमारतींच्या मानकांत तो शिरला. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की त्यातला शरीराच्या उष्णतेचा आकडा चाळिशीच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचा आहे. बायकांच्या बाबतीत तो ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरला जाऊ शकतो. म्हणजे खुर्चीवरची ती शाल कोणाच्या नाजूकपणाची खूण नव्हे. हिशेबात तिची धारकच धरली गेलेली नाही!

आपल्याकडचा अभ्यासही आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं दिल्ली, चेन्नई, बंगळूर, अहमदाबाद आणि सिमला इथल्या कार्यालयांत जाऊन कर्मचाऱ्यांनाच विचारलं. सहा हजारांवर उत्तरं जमली. निष्कर्ष असा, की आपल्या हवेला सरावलेली माणसं त्या परदेशी गणितापेक्षा जास्त तापमानातही मजेत काम करतात. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनं हे तत्त्व स्वीकारलं. जपाननं तर २००५ मध्येच कपड्यांना हात घातला होता. सरकारी कार्यालयांत उन्हाळ्यात २८ अंश, आणि कोट-टाय घरी ठेवा, अशी ती मोहीम. खुद्द पंतप्रधान कोईझुमी टाय न लावता वावरू लागले. साहेबांनी टाय सोडल्याशिवाय खालचे सोडत नाहीत, हे तिथंही खरंच असणार.

या विचारावर उभं राहिलेलं एक ऑफिस दिल्लीत आहे. जोरबागेजवळचं इंदिरा पर्यावरण भवन, म्हणजे पर्यावरण मंत्रालयाचं कार्यालय. त्याचं उद्घाटन फेब्रुवारी २०१४ मध्ये झालं. छतावर ९३० किलोवॉटची सौर यंत्रणा आहे, आणि वर्षभरात लागेल तेवढी वीज इथंच तयार व्हावी, असं गणित. लोक ते छत बघून थक्क होतात. मला मात्र त्याआधीच्या पायऱ्या मोलाच्या वाटतात. दोन लांब इमारती आणि मधे मोकळा चौक, आपल्या वाड्यांना असायचा तसा. त्यामुळे उजेड आणि वारा आत खेळतो, दिवसा दिवे कमी लागतात. आणि आतलं तापमान २६ अंशांच्या आसपास धरलेलं. छतालगतच्या नळ्यांतून गार पाणी फिरवून खोली थंड करतात. गरज आधी कमी केली, म्हणून ते छत पुरण्याची शक्यता निर्माण झाली. काचेची पेटी बांधून, १८ अंशांवर एसी लावून, वर पॅनेल बसवलीत तर कुठलंच छत पुरणार नाही.

आपल्याकडच्या विजेचा मोठा भाग अजूनही कोळशावर चालतो. एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा. राज्याचं सर्वांत मोठं सरकारी औष्णिक केंद्र चंद्रपूरला आहे, आणि चंद्रपूरचा उन्हाळा काय असतो, ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढं जातो. आपल्या ऑफिसातला गारठा असा ज्या गावांत तयार होतो, तिथं उन्हात उभ्या माणसाला तो मिळत नाही.

'आमचं ऑफिस भाड्याच्या मजल्यावर, आम्ही काय करणार?' अशी तक्रार येते. ती खोटी नाही. काच बसवणारा मालक वेगळा, बिल भरणारा वेगळा आणि रिमोट हातात असणारा तिसराच. तरी क्रम लावता येतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवा. आतला पडदा उशिरा अडवतो, तोवर उष्णता खोलीत आलेली असते. मग पंखे. एसी आणि पंखा एकत्र नको, हा समज काढून टाका. हलता वारा असला, की खोली दोन-तीन अंश जास्त गार भासते, म्हणून २६ वरही बरं वाटतं. मुंबईसारख्या दमट हवेत तर पंखा हवाच, घाम वाळायला. दुपारी मीटिंगमध्ये सगळे पेंगतात, त्याचं खापर जेवणावर फोडू नका. भिंतीवरचा एसी खोलीतलीच हवा पुन्हापुन्हा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. अधूनमधून दार-खिडकी उघडा.

आणि एक, 'दर उन्हाळ्यात गॅस भरून घेतो' असं अभिमानानं सांगणाऱ्यांसाठी. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. तो बंद नळीत फिरतो. कमी झाला, तर गळती आहे. आर-३२ हा गॅस वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या पावणेसातशे पट हवा तापवतो, जुने आर-२२ आणि आर-४१० त्याहून कितीतरी जास्त. म्हणून पुढच्या वेळी मेकॅनिक सिलिंडर घेऊन आला, की आधी गळती शोधायला सांगा, जोड झाळून घ्या, जाळी धुऊन घ्या, आणि मगच गॅस भरू द्या.