जामिनाची रक्कम आणि शब्दाची किंमत

निवृत्तीनंतर वाचनाचे विषय बदलतात. तरीही अमेरिकेतील एका हेवी मेटल गायकाचे तुरुंगातील दिवसांविषयीचे पुस्तक मी दोनदा वाचीन, असे मला कुणी सांगितले असते तर पटले नसते. या संगीताशी माझा परिचय मुलाच्या खोलीतून भिंतीपलीकडे येणाऱ्या आवाजापुरताच होता. रँडी ब्लाइथ यांचे ‘डार्क डेज’ हे २०१५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तकही त्यानेच माझ्या हाती दिले. मी ते वाचू लागलो इतिहासाचा विद्यार्थी म्हणून, आणि मिटले तेव्हा मनात एका जुन्या जिल्ह्यातील तुरुंगाची नोंदवही होती.

ब्लाइथ हे ‘लॅम्ब ऑफ गॉड’ या बँडचे गायक. मे २०१० मध्ये प्राग येथील त्यांच्या कार्यक्रमात एकोणीस वर्षांचा एक चाहता मंचावर चढला, तेथून खाली पडला आणि डोक्याला झालेल्या दुखापतीने काही आठवड्यांनी मरण पावला. गायकानेच त्याला ढकलले, असा आरोप पुढे ठेवण्यात आला. चेक पोलिसांना तपासात सहकार्य करण्यास अमेरिकी न्याय खात्याने नकार दिला होता, आणि खुद्द ब्लाइथ यांना या प्रकरणाची काहीच कल्पना नव्हती. २७ जून २०१२ रोजी ते पुन्हा कार्यक्रमासाठी प्रागच्या विमानतळावर उतरले आणि तेथेच त्यांना अटक झाली.

त्यांना ठेवले गेले ते पांक्राट्स येथील तुरुंगात. ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली वास्तू. नाझी राजवटीत येथे गिलोटिनखाली हजारांहून अधिक माणसे मारली गेली. पुढे साम्यवादी सत्तेने मिलादा होराकोव्हा या लोकशाहीवादी नेत्या आणि माजी संसद सदस्येला येथेच फाशी दिली, तीही २७ जून याच तारखेला, १९५० साली. योगायोगाला अर्थ चिकटवू नये, हे इतिहास शिकवतो. तरी ज्या भिंतींनी इतका अन्याय पाहिला, त्यांच्या आत एका परक्या माणसाला आपली भाषा न कळणाऱ्या व्यवस्थेकडून न्यायाची वाट पाहावी लागली, ही गोष्ट मनातून जात नाही.

त्या वेळी त्यांच्या व्यसनमुक्तीला दोन वर्षेही झाली नव्हती. दोन दशकांहून अधिक काळ दारूत घालवल्यावर २०१० च्या उत्तरार्धात त्यांनी ती सोडली होती. या पुस्तकात व्यसनमुक्तीचा विजयोत्सव नाही. दारू सोडणे म्हणजे आपल्या आयुष्याचा हिशेब दुसऱ्यावर न ढकलणे, एवढीच तिची साधी व्याख्या त्यातून हाती लागते. ही सवय तुरुंगात त्यांच्या उपयोगी पडली. ते टिपणे ठेवत राहिले, गाणी लिहीत राहिले. तेथे सुचलेल्या काही रचना नंतर बँडच्या २०१५ च्या ध्वनिमुद्रिकेत आल्या.

धोरणाच्या दृष्टीने खरा विषय जामिनाचा आहे. न्यायालयाने चाळीस लाख चेक कोरुनांचा जामीन मंजूर केला, रक्कम भरलीही गेली. परंतु सरकारी वकिलांनी हरकत घेतली आणि आरोपी आतच राहिला. हा माणूस देश सोडून जाईल आणि परतणार नाही, ही भीती होती. रक्कम दुप्पट झाली, तीही भरली गेली. अखेर पाच आठवड्यांहून अधिक काळ कोठडीत काढल्यावर २ ऑगस्टला ते सुटले आणि मायदेशी गेले.

परत न जाण्याचा मोह अशा वेळी कुणालाही झाला असता. दोषी ठरल्यास दहा वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकत होती. तरीही खटल्यास हजर राहीन, हा शब्द त्यांनी पाळला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ते प्रागच्या न्यायालयात उभे राहिले. एका कुटुंबाने मुलगा गमावला आहे आणि त्या कुटुंबाला उत्तर मिळायला हवे, ही त्यांची भूमिका होती. ५ मार्चला न्यायालयाने निकाल दिला: नैतिक जबाबदारी आहे, फौजदारी गुन्हा नाही. सुरक्षेतील त्रुटींची जबाबदारी आयोजकांवरही येते, असेही न्यायालयाने म्हटले. जूनमध्ये वरिष्ठ न्यायालयाने ही निर्दोष मुक्तता कायम केली.

म्हणजे ज्या भीतीपोटी रक्कम दुप्पट झाली, ती भीती खोटी ठरली. माझ्या वाचनाप्रमाणे त्यांना परत आणले ते पैशाने नव्हे, नुकत्याच अंगवळणी पडलेल्या जबाबदारीच्या जाणिवेने. जामीन हा आरोपी परत येईल याची हमी असतो. ती हमी रकमेत मोजावी की माणसाच्या मुळांत?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातील एका गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो विचारला होता. त्या गरीब माणसाकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला जामीनदार म्हणून नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरवल्या. पण २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. दर चार बंद्यांतील तिघांवरचा आरोप अद्याप सिद्ध व्हायचा होता.

येथे मला माझी नोंदवही आठवते. जिल्हाधिकारी या नात्याने मी तुरुंगाच्या अभ्यागत मंडळावर होतो. एका भेटीत बराकीतील एका मजुराने हात जोडून सांगितले, ‘साहेब, माझा जामीन झाला आहे.’ न्यायालयाचा आदेश होऊन चार महिने उलटले होते. जामीनदार मिळत नव्हता, कारण त्याचे गाव दुसऱ्या राज्यात होते. दारूच्या नशेतील भांडणात तो आत आला होता. पहिल्या रात्री त्याचे हातपाय थरथरत होते आणि त्याला फिट आली होती, हे सोबत्यांनी सांगितले. मी अधीक्षकांना ‘बघा’ म्हटले आणि नोंदवहीत ‘व्यवस्था समाधानकारक’ असा शेरा लिहिला. स्वयंपाकघर स्वच्छ होते, हे खरे. त्या मजुराचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही.

आज असा शेरा लिहिणाऱ्यास सबब उरलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली. २०२३ च्या त्या योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक स्थितींचा समावेश आहे, आणि प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावे, असे तो सांगतो. मात्र ज्या तुरुंगात मजूर थरथरत पडतो, तो क्वचितच राज्यातील तो ‘किमान एक’ तुरुंग असतो.

परदेशात अडकलेल्या आपल्या माणसांचा विचारही येथेच करायला हवा. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशी तुरुंगांत दहा हजारांहून अधिक भारतीय आहेत. त्यांच्यासाठी आपण दुभाषा, वकील आणि माणुसकी मागतो. ती मागणी बळकट व्हायची असेल, तर आपल्या तुरुंगातील परदेशी माणसालाही तेच मिळाले पाहिजे. जुलै २०२४ मध्ये एका नायजेरियन नागरिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जामिनावरील आरोपीच्या मोबाइलमधून पोलिसांना सतत त्याचा ठावठिकाणा कळत राहण्याची अट रद्द केली, आणि दूतावासाच्या हमीपत्राची सक्तीही सरसकट लागू करता येणार नाही, असे सांगितले. दिशा योग्य आहे.

जिल्ह्याजिल्ह्यांत कच्च्या कैद्यांच्या आढाव्यासाठी समित्या बसतात. माझी सूचना एवढीच की, बैठकीत सर्वांत आधी जामीन मिळूनही आत असलेल्यांची यादी वाचावी: नाव, आदेशाची तारीख आणि अडलेले कारण. ती शून्यावर आल्याशिवाय ‘समाधानकारक’ हा शब्द कुणी लिहू नये. मी तो लिहिला होता.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)