शनिवार तेली

अलिबाग, चौल, रेवदंडा, पेण या बाजूच्या जुन्या माणसांपुढे ‘शनिवार तेली’ असे नुसते म्हणा, त्यांना लगेच उमज पडते. आपल्यापैकी जे घाटावरचे असतील त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. कोकणात घाणा चालवणारे दोन तऱ्हेचे लोक होते. सोमवार हा शंकराचा वार म्हणून जे त्या दिवशी बैल जुंपत नसत ते सोमवार तेली. जे शनिवारी घाणा बंद ठेवत ते शनिवार तेली. हे शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायल, आपल्या किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे यहुदी.

ते इथे आले कधी, याबद्दल त्यांची परंपरा अशी की, नवगावजवळ एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात बाया तेवढ्या वाचल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेते नवगावातच पुरली. त्या जागी आज स्मारक आहे. ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची असे ते मानतात. लेखी पुरावा मात्र नाही. पोथ्या समुद्रात गेल्या, धर्मगुरू कुणी नव्हता, हिब्रू भाषाही विसरली. मग धर्म टिकला कशावर?

वाचकहो, तो टिकला घाण्यावर आणि चुलीवर. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बैल सुटायचा, लाट थांबायची. शनिवारचा स्वयंपाकही आदल्या दिवशीच उरकायचा. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता. ‘शेमा इस्रायल’ ही एवढीच प्रार्थना तोंडपाठ राहिली होती. लग्न असो, मयत असो, तीच म्हणायची. आणि मासळी! ज्याला खवले नि पर नाहीत तो मासा घरात शिजत नसे. या किनाऱ्यावर राहून कोलंबी, चिंबोरी, तिसऱ्या यांना हात लावायचा नाही, हे किती कठीण ते खाणाऱ्यालाच विचारा. कोचीनकडचा दाविद रहाबी नावाचा यहुदी इथे आला, त्याने सगळ्या तऱ्हेची मासळी बायांपुढे ठेवली, आणि बायांनी बिनखवल्याची बाजूला काढली. तेव्हा त्याची खात्री पटली, असे सांगतात. पुरुषांना मंत्र येत नव्हते, पण बायांना मासळी कळत होती. मला ही सगळ्या कहाणीतली मोठी गोष्ट वाटते. रहाबीने मग झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवले. त्यांना लोक काजी म्हणत.

सणांची नावे पाहा, म्हणजे हे लोक मातीत किती मुरले होते ते कळेल. वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस तो ‘दारफळणीचा सण’. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारे लावून घरातच बसायचे, बाहेरच्या माणसाला शिवायचे नाही. दुसऱ्या दिवशीचा तो ‘शिळा सण’. वल्हांडणाला आंबवलेले वर्ज्य, म्हणून आंबट रसाचे मडके झाकून ठेवायचे. त्यावरून तो ‘अनशी ढाकण्याचा सण’. यरुशलेमचे मंदिर पडले त्या दुःखाचा उपास सुटायचा वालाच्या बिरड्यावर, म्हणून त्याचे नाव ‘बिरड्याचा रोजा’! यरुशलेम कुठे, आणि अलिबागचा वाल कुठे!

आमच्या लहानपणी घरोघरी तेल बुधल्यातून यायचे. मुलगा शनिवारी बुधला घेऊन गेला तर रिकामा परत येई. मग घरच्या बाया त्याच्यावरच डाफरत, “आज वार कोणता आहे रे?” त्या घरांतून कधी मलिदा यायचा: भिजवलेले गोड पोहे, खोबरे, वर फळांचे तुकडे. काही चांगले घडले, नवस फिटला की एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करत. अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावर खुणा आहेत. हा पैगंबर तिथून रथासह आकाशात गेला, अशी त्यांची श्रद्धा.

प्रार्थनामंदिर हे त्या मानाने उशिरा आले. मुंबईतले पहिले १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. ते कंपनीच्या फौजेत होते. अलिबागचे ‘मागेन आबोथ’ १८४८ चे, आजची इमारत १९१० ची. आपल्याकडे त्याला सरसकट मशीद म्हणत, आणि त्यात कुणाला काही खटकत नसे. आत तेलाचा दिवा टांगलेला असतो.

आडनावांवरून गावे ओळखता येतात. किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, दिवेआगरचे दिवेकर, तसेच पेणकर, रोहेकर, अष्टमकर. शिक्षकांनी जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर टांगून ही आडनावे मुलांकडून शोधून घ्यावीत. एक तास सहज जाईल. याच किहीमकर घराण्यातल्या हाईम सामुएल यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली आणि आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो पुस्तकरूपाने आला १९३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

१९४८ साली इस्रायल देश झाला. त्या सुमारास भारतात बेने इस्रायल साधारण २०,००० होते. पुढच्या वीस वर्षांत बहुतेक घरे रिकामी झाली. कुणी त्यांना हाकलले नाही, हे मुद्दाम सांगतो. तिकडे मात्र काही धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नसंबंधांवर शंका घेतली. ज्यांनी शनिवार सोडला नाही म्हणून गावाने नाव ठेवले, त्यांनाच ‘तुम्ही खरे यहुदी का?’ असे विचारले गेले! त्यांनी धरणे धरले, आणि १९६४ साली त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. आज अश्दोद, दिमोना, लोद इथे त्यांची वस्ती आहे. घरांत मलिदा होतो, म्हाताऱ्यांच्या तोंडी मराठी आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा इथे मोजकीच कुटुंबे उरली होती.

सामूहिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, असा त्यांचा नेम. किनाऱ्यावरच्या लहान गावांत आता दहा जण जमत नाहीत. सणासुदीला मुंबई-ठाण्याहून माणसे येतात, तेव्हा गणती पुरी होते.