आधी माथा, मग पायथा

‘प्रकल्प’ हा शब्द सरकारी फलकांमुळे इतका सवयीचा झाला आहे की त्याची व्याख्या करावी असे कुणाला वाटत नाही. व्यवस्थापनशास्त्रात त्याला नेमका अर्थ आहे: ठरावीक मुदतीत, ठरावीक साधनांनिशी एकदाच करायचे काम, ज्यातून पूर्वी नसलेली गोष्ट उभी राहते. दरवर्षीची पेरणी हा प्रकल्प नव्हे. विहीर खोदणे हा प्रकल्प आहे. या शास्त्राच्या पुस्तकांत उदाहरणे बहुधा क्षेपणास्त्रांची, रसायन कारखान्यांची किंवा संगणक प्रणालींची असतात. मी इथे जालना तालुक्यातल्या कडवंचीचे उदाहरण घेणार आहे.

आधी थोडा इतिहास. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ म्हणजे निर्णायक मार्गाची पद्धत आकाराला आली. कामांच्या जाळ्यात एक साखळी अशी असते की तिच्यातले एक काम लांबले की सगळा प्रकल्प लांबतो; ती साखळी आधी शोधायची, हे तिचे सूत्र. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही तिची भावंड पद्धत वापरली. १९६९ मध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि १९८४ पासून ती परीक्षा घेऊन व्यावसायिकांना प्रमाणपत्र देऊ लागली. १९९६ साली तिच्या ‘पीएमबॉक’ मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती आली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘प्रिन्स टू’ ही पद्धत जाहीर झाली. पुढे २००१ मध्ये सतरा संगणकतज्ज्ञांनी ‘अजाइल’चा जाहीरनामा लिहिला. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे मोलाचे, असे त्यांचे म्हणणे होते.

योगायोग असा की कडवंचीचा पाणलोट प्रकल्पही १९९६ मध्येच सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. कार्यक्रम इंडो-जर्मन पाणलोट विकासाचा, त्यात नाबार्डचा सहभाग, आणि गावात काम उभे करणारे खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र, म्हणजे विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाची संस्था. क्षेत्र अठराशे हेक्टरांहून अधिक.

पाणलोटाचा पहिला नियम ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग घळींत दगडी बांध, मग शेतांची बांधबंदिस्ती, आणि शेवटी नाल्यावरचे बंधारे. क्रम उलटा केला तर वरून वाहून येणारी माती दोन-चार पावसाळ्यांत बंधारा गाळाने भरून टाकते. पुस्तकी भाषेत ही ‘वॉटरफॉल’ म्हणजे धबधबा पद्धत: एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा नाही. संगणकाच्या जगात ही पद्धत बदनाम झाली, कारण तिथे मागे फिरणे तुलनेने स्वस्त असते. मातीत मात्र क्रम पाणीच ठरवते. निर्णायक मार्गही इथे ऋतूच आखतो: शेते रब्बीच्या काढणीनंतर मोकळी होतात आणि मृगाआधी बांध पुरे व्हावे लागतात. ते अडीच-तीन महिने हुकले की वर्ष हुकते.

पण क्रम ठरलेला असला, तरी कोणत्या शेतात काय करायचे हे कागदावर ठरवता येत नाही. जुन्या मृदसंधारणात अधिकारी समतल रेषेवर बांध आखत. तो शेताच्या मधून गेला की औत वळवायला अडचण होई आणि शेतकरी पुढच्या हंगामात बांध मोडून टाकी. इंडो-जर्मन कार्यक्रमाने यावर ‘नेट प्लॅनिंग’चा उपाय केला. गटनंबर घेऊन, शेतकरी कुटुंबाला सोबत घेऊन, प्रत्येक शेतात उभे राहून उपचार ठरवायचा. अजाइलच्या जाहीरनाम्यात ग्राहकाशी सहकार्याला करारापेक्षा वरचे स्थान आहे. तोच विचार इथे जाहीरनाम्याच्या आधी बांधावर चालू होता. म्हणून ‘धबधबा की अजाइल’ हा वाद मला अपुरा वाटतो. एकाच प्रकल्पात क्रम ताठ आणि तपशील लवचीक असू शकतो. काय बदलता येईल आणि काय नाही, हे ओळखणे हेच पद्धत निवडण्याचे खरे कसब.

आता मानकांकडे. मानक म्हणजे पैसा हाती येण्याआधी सर्वांनी मान्य केलेल्या अटी. प्रिन्स टू सांगते की काम टप्प्यांत विभागा आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पुढे जायचे की नाही ते नव्याने ठरवा. इंडो-जर्मन कार्यक्रमात गावाला आधी श्रमदान करून, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी मान्य करून पात्र ठरावे लागे. मग छोट्या क्षेत्रावर क्षमताबांधणीचा टप्पा, आणि तो पार पडला तरच पूर्ण अंमलबजावणी. अकुशल मजुरीचा सुमारे सहावा हिस्सा गावाने श्रमदानातून द्यायचा. वरकरणी ही काटकसर वाटते. खरे तर ती जबाबदारीची नोंद आहे. ज्याचा घाम बांधात गेला, तो बांध फुटल्यावर सरकारी माणसाची वाट पाहत बसत नाही.

फळ काय मिळाले? २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर पाण्यासाठी तडफडत असताना कडवंचीने द्राक्षबागा जगवल्या. पण इथेच शास्त्राचा सर्वांत अवघड भाग सुरू होतो. चर, बांध, बंधारे हे प्रकल्पाचे उत्पादन; विहिरीत टिकणारे पाणी हा परिणाम. २०२१ च्या पीएमबॉकच्या सातव्या आवृत्तीने प्रक्रियांच्या याद्यांवरून भर हलवून तत्त्वांवर आणि मूल्यावर आणला, तो याच फरकासाठी. प्रकल्प तारखेला संपतो. परिणामाला तारीख नसते. मराठवाड्यात अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर लावलेली शेततळी विहिरींतून उपसलेल्या पाण्याने भरली जातात. जमिनीत मुरलेले सामाईक पाणी वर काढून उन्हात ठेवले जाते, त्यातले काही वाफ होऊन जाते, आणि उरलेल्यावर तळ्याच्या मालकाचा हक्क. पाणी अडवण्याचा आराखडा असतो, ते वाटून वापरण्याचा बहुधा नसतो.

म्हणून कोणत्याही नव्या योजनेचा फलक पाहिला की रक्कम आणि मुदत वाचून थांबू नये, असे मला वाटते. क्रम कुणी ठरवला, शेतात कोण उभे राहिले, आणि समारोपाच्या दुसऱ्या दिवशी देखभालीचे व वाटपाचे काम कुणाच्या नावावर आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांसाठी प्रमाणपत्र लागत नाही, ग्रामसभा पुरते.