हवेत थांबलेला फ्रँकी

1935 साल. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, लेनॉक्स अव्हेन्यूवरच्या सव्हॉय बॉलरूममध्ये नाचाची चुरस लागली होती. चिक वेबचा बँड ऐन भरात होता. तेवढ्यात विशीतल्या फ्रँकी मॅनिंगनं आपल्या जोडीदारणीला, फ्रीडा वॉशिंग्टनला, पाठीवरून उलटं घेतलं आणि नेमक्या तालावर पलीकडे पायांवर उतरवलं. लिंडी हॉप हा नाच त्या रात्री जमीन सोडून हवेत गेला!

पण फ्रँकीची खरी कमाल मला त्याच्या उड्यांपेक्षा त्याच्या कलण्यात दिसते. त्याच्या आधीचे लोक बरेचसे ताठ उभे राहून नाचत. फ्रँकी कमरेत वाकायचा आणि धावण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूसारखा पुढे झेपावायचा. मागचा पाय लांब ताणलेला, धड जमिनीकडे झुकलेलं. हे शब्दांत सांगायला परिच्छेद लागतो, फोटोत मात्र क्षणात कळतं. ताल फोटोत मावत नाही, हे खरं. पण वजन कोणत्या पायावर आहे, कोपर किती वाकलंय, दोघांच्या हातांत ताण किती आहे, हे सगळं त्यात गोठून राहतं. 1943 मध्ये ‘लाइफ’ मासिकासाठी ज्यॉन मिली यांनी लिऑन जेम्स आणि विला मे रिकर यांना निमिषमात्र चमकणाऱ्या फ्लॅशनं असंच हवेत पकडलं होतं.

दुसरं महायुद्ध आलं, संगीताची आवड पालटली. फ्रँकी टपाल खात्यात नोकरीला लागला आणि तिथं त्यानं तीसेक वर्षं काढली. 1958 मध्ये सव्हॉय बंद झालं, पुढे ती इमारतही पाडली गेली. मग 1986 मध्ये कॅलिफोर्नियाहून एरिन स्टीव्हन्स आणि स्टीव्हन मिचेल हे दोघं तरुण त्याला शोधत आले, आम्हाला शिकवा म्हणाले. सत्तरी ओलांडलेला हा माणूस पुन्हा उभा राहिला आणि नव्वदी उलटल्यावरही देशोदेशी शिकवत फिरला!

इथून पुढचे फोटो काढले त्याच्या शिष्यांनी, साध्या खिशातल्या कॅमेऱ्यांवर. काही हललेले, काहींत डोळे लाल, कुठे कुणाचं डोकं कापलेलं. तरी मला ते अनमोल वाटतात. व्यावसायिक छायाचित्रकार सहसा उडी टिपतो. शिष्याच्या फोटोत फ्रँकी जोडीदारणीपुढे अदबीनं वाकलेला सापडतो, कारण समोरची बाई राणी आहे असं समजून नाचा, हाच त्याचा धडा होता. त्याच्याकडून हात कसा धरायचा हे शिकणारी बोटंही तिथंच दिसतात.

हे फोटो कपाटात पडून आहेत, ही काळजीची गोष्ट आहे. रंगीत फोटोतले रंग सेंद्रिय असतात आणि ते सारख्या वेगानं विटत नाहीत. जुन्या प्रिंटमध्ये बहुधा निळसर रंग आधी जातो, म्हणून चेहरे तांबूस होत जातात. कृष्णधवल फोटोतली चांदी नीट धुतली असेल तर शतकभरही टिकते. त्यामुळे निगेटिव्ह असेल तर आधी ती स्कॅन करावी, आणि फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं खरडलेला मजकूरसुद्धा. गाव, साल, सोबत कोण, हे ठाऊक असलेली माणसंही म्हातारी होत चालली आहेत.

सगळे फोटो एकत्र आले तर काय घडेल, या कल्पनेनंच मी हरखून जातो. ऐंशीव्या वाढदिवसाला फ्रँकी एकामागून एक 80 बायकांबरोबर नाचला, पंच्याऐंशीव्याला 85 जणींबरोबर. तोच माणूस, तोच कल, आणि दर खेपेला वेगळ्या उंचीची, वेगळ्या चालीची जोडीदारीण. त्या रात्रींचे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतले फोटो क्रमानं लावले, तर समोरच्या व्यक्तीप्रमाणे तो आपला हात किती सैल किंवा घट्ट करत असे, हे अजून न जन्मलेल्या नर्तकालाही निरखून शिकता येईल.