बुडबुड्यांना घाबरायचं नाय!

तारकर्लीला स्कूबा कोर्सचा तिसरा दिवस. 10 मीटर खाली माझा रेग्युलेटर अचानक सुटलाच! श्वास न घेताही हवा भसाभसा बाहेर, समोर नुसते बुडबुडे. पहिला विचार एकच, वर पळा! नेमकं तेच करायचं नसतं. श्वास रोखून झटकन वर आलात, तर आतली हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकतं.

हा ‘फ्री-फ्लो’. झडप उघडीच राहते. वाळूचा कण अडकला, सर्व्हिसिंग टाळलं किंवा थंड पाण्यात बर्फ धरला, की होतं असं. पण गंमत बघा, हवा बंद होत नाही, उलट जास्तच येते! म्हणून ओठ घट्ट मिटू नका. माउथपीस सैल धरा, हवी तेवढी हवा घ्या, बाकीची कडेने जाऊ द्या. सिलिंडर मात्र काही मिनिटांत रिकामा होतो. तेव्हा टाइमपास न करता बडीला खूण करा, त्याचा ऑक्टोपस घ्या आणि श्वास चालू ठेवत हळूहळू वर या.

ओपन वॉटर कोर्समध्ये याचा निदान 30 सेकंद सराव करून घेतात. पूलमध्ये मला तो जाम बोअर झाला होता. त्या दिवशी त्यानेच वाचवलं, बॉस!