हावडा ब्रिज चौकटीत कसा बसवावा?

हावडा ब्रिज एका फोटोत मावत नाही. निदान नवशिक्याच्या फोटोत तरी नाहीच. १९४३ साली सुरू झालेल्या या पुलाचा मधला गाळा ४५७ मीटरचा आहे आणि नदीत एकही खांब नाही. समोर उभे राहिले की वाटते, सगळा पूल यायलाच हवा. मग आपण मागे मागे सरकतो आणि शेवटी फोटोत काय येते? वर पांढरे आकाश, खाली मातकट पाणी आणि मधे कंगव्यासारखे काहीतरी काळे. पुलाचा मोठेपणा फोटोत उतरतच नाही.

माझ्या बाबांचे पोस्टिंग सध्या कोलकात्याला आहे. त्यामुळे दोन सुट्ट्यांत मला या पुलाचे फोटो काढायचा भरपूर सराव झाला. त्यावरून जे समजले ते आपल्या फोटोग्राफी क्लबमधल्या ज्युनिअर्ससाठी लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सगळे घ्यायचा हट्ट सोडायचा. पुलाच्या कोलकात्याकडच्या टोकाला मल्लिक घाट आहे. तिथे पहाटेपासून फुलांचा बाजार भरतो. झेंडूच्या माळांचे भारे डोक्यावर घेतलेले हमाल ये-जा करत असतात. घाटाच्या पायरीवर नीलिंग पोझिशन घ्या, कॅमेरा खाली ठेवा आणि पुलाचा फक्त एक कोपरा वरून आत येऊ द्या. समोरून केशरी भारा घेतलेला माणूस गेला की क्लिक करा. माणूस एवढासा आणि पोलाद एवढे, हे बघणाऱ्याला लगेच कळते. मोठी वस्तू मोठी दिसण्यासाठी शेजारी लहान वस्तू लागते.

तो माणूस चौकटीत कुठे ठेवायचा? मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘ग्रिड’ सुरू केले की दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा दिसतात. रेघा जिथे एकमेकींना छेदतात, त्या चारपैकी एका जागी मुख्य विषय ठेवावा. तो चालत असेल तर ज्या दिशेला चालला आहे तिकडे जास्त जागा सोडावी, नाहीतर तो आता फोटोच्या कडेवर आपटणार असे वाटते. नदीची रेघ आडव्या रेघेला समांतर हवी. याला मी मनातल्या मनात ‘ड्रेसिंग’ म्हणतो. परेडमध्ये एक जण पुढे आला तर जसे खटकते, तसेच तिरके पाणीही खटकते.

मे महिन्यात कोलकात्यात पाचच्या सुमारास सूर्य उगवतो. सकाळी घाटावर उभे राहिले तर ऊन आपल्या पाठीमागून पुलावर पडते आणि त्याची एकेक पट्टी वेगळी दिसते. संध्याकाळी सूर्य पलीकडे, हावड्याच्या बाजूला जातो. तेव्हा पुलाची नुसती काळी आकृती मिळते. दोन्ही फोटो चांगलेच, पण पीटीसाठी उठायची सवय असलेल्यांनी सकाळचाच काढावा!

माणसांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ग्रिडच्याही आधी येते. डोक्यावर ओझे असलेला माणूस आपल्यासाठी पोझ देत नसतो, तो कामावर असतो. “दादा, एकटा छोबी तुलबो?” एवढे बंगाली मला येते. बहुतेक जण हसून मान हलवतात. कोणी नको म्हटले तर कॅमेरा खाली. (फोर्ट विल्यमसारख्या लष्करी जागी तो बॅगेतच राहतो, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.)

नियम कुठे मोडायचा तेही याच शहरात कळते. १९२१ साली खुले झालेले व्हिक्टोरिया मेमोरियल डावी-उजवीकडे अगदी सारखे आहे. तिथे ग्रिडच्या रेघा विसरून बरोबर मध्यावर उभे राहावे. पाऊलभर बाजूला सरकलात तरी फोटो फसतो.

चौकटीत चौकट हा प्रकार मला सर्वांत आवडतो. रघुवीर सिंग या छायाचित्रकारांनी ॲम्बेसेडर गाडीतून भारतभर फोटो काढले. गाडीची खिडकी, दार, आरसा यांचीच त्यांनी चौकट केली. त्यांचे हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर २००२ मध्ये आले. कोलकात्यात पिवळ्या ॲम्बेसेडर टॅक्सी अजून दिसतात, पण ती गाडी बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्येच बंद पडला. म्हणून टॅक्सीत बसलात तर हा प्रयोग लगेच करून घ्या. आपल्याकडे बॅरेकची खिडकी आहेच.

सत्यजित राय शूटिंगच्या आधी दृश्ये कागदावर रेखाटत असत. ‘पथेर पांचाली’चे कॅमेरामन सुब्रत मित्रा यांनी तर त्याआधी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवलाच नव्हता. तेव्हा कॅमेरा साधा आहे ही सबब चालणार नाही. वहीत चार रेघांची चौकट काढून आधी चित्र ठरवता येते.

बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून फिरवा. कोणाचे मनगट, गुडघा, घोटा कापला जातो आहे का? डोक्यातून खांब उगवला आहे का? मग कोपरे बरगड्यांना टेकवा, श्वास रोखा आणि रेंजवर ट्रिगर दाबतो तसे हळू दाबा.

आता परेडच्या फोटोंबद्दल. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील शेकडो किलोमीटर लांब असतात. मासिक हातात पडले की ते लेख नंतर वाचतात, आधी आपला मुलगा शोधतात. माझी आई तर चष्मा लावून प्रत्येक रांग बघते. साठ जणांच्या तुकडीत, टोपीच्या सावलीखाली तो सापडत नाही. म्हणून क्लबमध्ये मी सुचवले आहे की, पूर्ण तुकडीचा फोटो एकच काढावा आणि बाकीचे सगळे तिघा-चौघांचे जवळून, सकाळच्या तिरप्या उन्हात, कॅमेरा छातीच्या उंचीवर ठेवून काढावेत. कोणाचा फोटो झाला याची यादी ठेवायची आणि पुढच्या परेडला उरलेल्यांपासून सुरुवात करायची. यादीचे काम मी घेतले आहे. कॅमेऱ्यासाठी अजून दोघे हवे आहेत.