आशाताईचं मूळ आपल्याच जिल्ह्यात

मी बोलतोय अकोल्यातून. विदर्भातलं अकोला नाही, आपलं अकोले! आजचा प्रश्न: डॉक्टर सरकारचं धोरण बदलू शकतात का?

उत्तरासाठी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला जाऊ. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. दवाखाना काढला, पण पेशंट बरा होऊन परत त्याच घाण पाण्याकडे जायचा. नर्स गावात टिकत नव्हत्या. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला जामखेडला शिकायला यायच्या: जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, बाळाचं वजन, बाळंतपण. शिकलेलं दुसऱ्या दिवशी गावात वापरायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला पायलट म्हणतो, फक्त आमचे पायलट एवढे टिकत नाहीत.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांना जागा मिळाली. आणि २००५ मध्ये आपल्याकडे आशा योजना आली, त्याच वळणाची.

पण कॉपी करताना काय सुटलं बघा. सरकारने आठवी पासची अट घातली. जामखेडच्या कित्येक सेविका त्यात बसल्याच नसत्या. पगार तिथेही नव्हता, मान्य. पण आजच्या आशाताईंवर सर्व्हे, रजिस्टर, अ‍ॅप सगळं लादलंय, आणि कागदावर त्या अजून ‘स्वयंसेविका’च. म्हणून तर २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. आरोळेंची आठवड्याची शाळा मात्र धोरणात कुठेच दिसत नाही.